खेड्यात इलेक्ट्रिक कार: विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोरूममध्ये गेलेला माणूस आधी विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती चालते?" खेड्यात राहणाऱ्याने त्याच्याही आधी दुसरं विचारायला हवं: माझ्या घरचा प्लग या गाडीला रोज रात्री सात-आठ तास वीज पुरवू शकतो का? गाड्या आता बऱ्यापैकी पक्क्या झाल्या आहेत. घोडं अडतं ते घरच्या अर्थिंगपाशी, व्होल्टेजपाशी आणि वायरिंगपाशी. म्हणून खाली या तिन्हींची उत्तरं लांब आहेत, बाकीची आटोपशीर.

इलेक्ट्रिक कार नेमकी कोणाला जमते आणि कोणाला नाही?

रोजची धाव शंभर किलोमीटरच्या आत, गावठाणात पक्कं घर, गाडी उभी राहते तिथे प्लग नेता येतो, आणि गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज आणणाऱ्या मुख्य लाईनवर) चोवीस तास लाईन आहे, अशा माणसाला ती छान जमते. तालुक्याला रोज जाणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कृषी केंद्राचे मालक, डॉक्टर हे सगळे यात येतात. वर्धा ते नागपूर हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन दीडशे धरले तरी मधल्या आकाराची बॅटरी पुरून उरते.

घर वावरात असेल आणि लाईन फक्त शेतीच्या फीडरवरची असेल, तर आज घेऊ नका. घरात एकच गाडी आहे आणि तिने महिन्यातून दोनदा पुण्याला जायचं आहे, त्यांनीही थांबावं. नागपूर-पुणे सातशे किलोमीटरच्या वर जातं. वाटेत तीन-चार वेळा चार्जिंगला थांबणं लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असताना जड जातं.

कंपनी सांगते तेवढी गाडी खरंच चालते का?

नाही. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. तो बाजूला ठेवा आणि हिशोब युनिटमध्ये करा. बॅटरीचा आकार किलोवॅट-तासात लिहिलेला असतो. एक किलोवॅट-तास म्हणजे तुमच्या लाईट बिलावरचं एक युनिट. टाटा टियागो ईव्ही १९.२ आणि २४ युनिटच्या बॅटरीत येते, नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ युनिटची आहे.

छोटी कार गावच्या आणि तालुक्याच्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने एका युनिटमध्ये साधारण ७ ते ८ किलोमीटर जाते. म्हणजे २४ युनिटच्या बॅटरीत १७० ते १९० किलोमीटर. बॅटरी शून्यावर आणायची नसते, वीस टक्के मागे ठेवावे लागतात. मग हाताशी उरतात १४० ते १५०. मोठी, उंच गाडी युनिटला ६ ते ७ किलोमीटर देते. गाडी निवडताना तुमची सगळ्यात लांबची नेहमीची फेरी काढा, त्यात तिसरा हिस्सा मिळवा आणि तेवढं अंतर या हिशोबात बसतं का ते पाहा.

घरी चार्जिंगला नेमकं काय बसवायचं?

गाडीबरोबर मिळणारी केबल १५ ॲम्पच्या मोठ्या तीन पिनच्या प्लगवर चालते आणि सुमारे ३.३ किलोवॅट ओढते. २४ युनिटची बॅटरी रिकामीपासून भरायला आठ-नऊ तास लागतात. रोज ऐंशी किलोमीटर फिरणाऱ्याला चार तासांत काम होतं.

या प्लगसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाईन ओढा. फ्रीज, मोटर, कूलर यांच्या लाईनवर जोडू नका. सामान असं:

- ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्हींसाठी
- २० ॲम्पची सी-कर्व्ह एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच)
- ३० मिलीॲम्पची, ए प्रकारची आरसीसीबी (करंट गळला की पडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच)
- १६ ॲम्पचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट, झाकणाचा (केबलच्या टोकाला त्याच जातीचा प्लग असेल तर). घरगुती तीन पिनचा प्लग असेल तर चांगल्या कंपनीचा १६ ॲम्पचा सॉकेट, पाऊस लागणार नाही अशा डब्यात

तारेच्या जाडीवर दुकानदार पैसे वाचवायला सांगेल. ऐकू नका. घरात नेहमी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तार तीस मीटर ओढली आणि तिच्यातून १५ ॲम्प गेले, तर ११ व्होल्ट तारेतच जातात आणि १६० वॅटची उष्णता भिंतीच्या आत साचते. ४ चौरसच्या तारेत हाच तोटा ४ व्होल्टवर येतो. मिक्सर दहा मिनिटं फिरतो, मोटर अर्धा तास चालते. गाडी आठ तास सलग पूर्ण लोड ओढते. घरात असं दुसरं कोणतंच उपकरण नाही.

पहिल्या आठवड्यात रोज एक काम करा. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला बाहेरून हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, किंवा प्लास्टिक तापल्याचा वास येत असेल, तर एमसीबी पाडा, मगच प्लग काढा आणि सॉकेट उघडून स्क्रू पाहा. दहातले आठ वेळा स्क्रू सैल असतो किंवा तारेच्या दोन-तीन काड्याच आत बसलेल्या असतात. जुन्या घरातली ॲल्युमिनियमची तार असेल तर ती बदलण्याला पर्याय नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. छोट्या पिनच्या प्लगला कन्व्हर्टर लावून चार्जिंग करू नका.

चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. चार्जर खराब आहे का?

बहुतेक वेळा चार्जर चांगला असतो, अर्थिंग खराब असतं. चार्जर गाडीला वीज सोडण्याआधी अर्थ तपासतो. अर्थ सापडला नाही की तो थांबतो. टीव्ही, फ्रीज, कूलर हे काहीच तपासत नाहीत, म्हणून वीस वर्षं घरात अर्थिंग नव्हतं हे कळलेलंच नसतं.

तपासायला मल्टिमीटर लागतो. हे काम वायरमनकडून करून घ्या, पण आकडे स्वतः पाहा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. हा शेवटचा आकडा पाचाच्या वर गेला तर अर्थिंग किंवा न्यूट्रल यांपैकी एक कच्चं आहे. पंधरा-वीसवर असेल तर चार्जर रुसणारच. चार्जिंगचा लोड सुरू असताना पुन्हा मोजा. रिकाम्या लाईनवरचं माप फसवतं.

विदर्भात याला एक खास कारण आहे, ते म्हणजे आपली काळी कसदार माती. पावसाळ्यात ती फुगून अर्थिंगच्या पाईपला घट्ट धरते, तेव्हा अर्थ उत्तम मिळतो. मार्चपासून ती आवळते, भेगा पडतात आणि पाईपभोवती बोटभर फट तयार होते. पाईप जमिनीत असतो, पण जमिनीला टेकलेला नसतो. जानेवारीत बिनतक्रार चाललेला चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवायला लागतो तो यामुळे.

उपाय: अर्थिंगचा खड्डा न्हाणीचं किंवा मोरीचं पाणी मुरतं त्याच्या जवळ घ्या, म्हणजे ओल टिकते. अडीच ते तीन मीटर खोल जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, ही जुनी पद्धत चालते. मीठ पाईप खातं, म्हणून काही वर्षांनी तपासावं लागतं. परवडत असेल तर तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि बेंटोनाईटची पावडर घ्या; बेंटोनाईट पाणी धरून ठेवतं आणि फट पडू देत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. अर्थचा रोध ५ ओहमच्या खाली असावा. खड्डा करणाऱ्याकडून अर्थ टेस्टरचं माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वायरमन म्हणतो न्यूट्रल आणि अर्थ पिन सॉकेटमध्ये जोडून देतो, लगेच हिरवा दिवा लागेल. करू का?

करू नका. करून घेतलं असेल तर आजच काढा.

हिरवा दिवा लागतो हे खरं आहे. चार्जरला वाटतं अर्थ मिळाला. पण आता गाडीची पूर्ण बॉडी न्यूट्रलच्या तारेला जोडली गेली. गावातल्या खांबावरचा न्यूट्रल वादळात, फांदी पडून किंवा सैल जंपरमुळे तुटतो. अवकाळीच्या दिवसांत हे नेहमीचंच आहे. तो तुटला की घरातल्या चालू उपकरणांमधून आलेला फेज परतीच्या वाटेने न्यूट्रलवर चढतो आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे ती वीज जमिनीत उतरत नाही. सकाळी अंगणात अनवाणी, ओल्या पायांनी दाराला हात लावणारा माणूस तिची वाट बनतो. अशा जोडणीत आरसीसीबी पडेलच याची खात्री नाही.

खड्ड्याला पाच-सात हजार लागतील. ते खर्च करा. तो होईपर्यंत तालुक्याच्या चार्जरवर जा.

आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. गाडी चार्ज होईल का?

होईल, हळू. चार्जर १५ ॲम्पच्या वर ओढत नाही, त्यामुळे व्होल्टेज पडलं की ताकद तेवढी कमी होते. २३० ला ३.४ किलोवॅट, १८० ला २.७. बहुतेक चार्जर १७०-१८० च्या आसपास हात टेकतात आणि व्होल्टेज सुधारलं की पुन्हा सुरू होतात.

गाडी बुक करण्याआधी तीन दिवस व्होल्टेज लिहून ठेवा: संध्याकाळी ८ ला, रात्री ११ ला, पहाटे ५ ला. जमल्यास रब्बीत मोजा, हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत. तेव्हा सबस्टेशनवरच ताण असतो. रात्री ११ नंतर २०० च्या वर राहत असेल तर गाडीत चार्जिंगची वेळ ११ वाजताची लावून ठेवा, प्लग संध्याकाळीच लावून मोकळे व्हा. स्टॅबिलायझर घ्यायचाच तर ५ केव्हीएच्या खालचा नको. आणि सगळ्या गावाचंच व्होल्टेज पडत असेल तर तो स्टॅबिलायझर डीपीतून (आळीच्या ट्रान्सफॉर्मरमधून) आणखी जास्त करंट ओढेल, शेजाऱ्याचा पंखा अजून मंद होईल.

७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर बसवावा का? सेल्समन आग्रह करतो.

खेड्यात शक्यतो नको. हिशोब पाहा. तुमच्या आळीची डीपी २५ केव्हीएची असेल तर तिच्या एका फेजवर जेमतेम ३३-३५ ॲम्प मिळतात. ७.२ किलोवॅटचा चार्जर एका फेजवर ३२ ॲम्प ओढतो. म्हणजे एका गाडीने आळीचा पूर्ण फेज खाल्ला. फ्यूज जाईल, किंवा मे महिन्यात कूलर सुरू असताना डीपी जळेल, आणि नवी डीपी येईपर्यंत सगळी आळी अंधारात बसेल. ६३ केव्हीएच्या डीपीवर फेजला ८४-८७ ॲम्प मिळतात, तिथे थोडी सवड असते. डीपीची क्षमता तिच्या पत्र्यावर लिहिलेली असते. लाईनमनला विचारलं तर तो तोंडपाठ सांगतो.

रात्रभरात ३.३ वाला चार्जर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरची वीज भरतो. मोठा चार्जर कोणासाठी? थ्री-फेज कनेक्शन, शंभर केव्हीएची डीपी जवळ, आणि दिवसातून दोनदा गाडी भरावी लागते अशांसाठी.

महावितरणकडे काही अर्ज करावा लागतो का? वेगळं मीटर लागतं का?

स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज करायला वेगळं मीटर सक्तीचं नाही. घरगुती दरच लागतो. मात्र बिलावर "मंजूर भार" पाहा. जुन्या कनेक्शनवर तो अर्धा किंवा एक किलोवॅट असतो. गाडी एकटीच ३.३ मागते. महावितरणच्या ॲपवरून किंवा उपविभागीय कार्यालयातून भार वाढवून घ्या, पाच किलोवॅट करून घेणं बरं. भार वाढवला की खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायरही तपासायला सांगा. गावात ती पातळ ॲल्युमिनियमची आणि दोन-तीन ठिकाणी जोड मारलेली असते. घरातलं वायरिंग कितीही चांगलं केलं तरी व्होल्टेज तिथेच मरतं.

शेतातल्या मोटरपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज केली तर?

तो अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याऐवजी दुसऱ्या कामाला वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरवर लाईन ठराविक तासच असते, आणि थ्री-फेज बंद असताना कॅपॅसिटर लावून ओढलेल्या वीजेने चार्जरचं इलेक्ट्रॉनिक्स जातं. ते वॉरंटीत बसत नाही.

सोलर पंपाच्या प्लेटांवर चार्ज करता येईल का?

नाही. त्या प्लेटा पंपाच्या कंट्रोलरला थेट डीसी देतात, व्होल्टेज उन्हाबरोबर वर-खाली होतं. गाडीला स्थिर २३० व्होल्ट एसी लागतं. जुगाड करून इन्व्हर्टर मध्ये घातला तर योजनेची अट मोडते आणि पंपाची वॉरंटीही जाते.

घरावरचं सोलर मात्र उत्तम. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटची प्रणाली आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिट देते, महिन्याला साडेतीनशे. गाडी आणि छोटं घर दोन्ही त्यात बसतात. दिवसा बनलेली वीज नेट मीटरमधून जमा होते, रात्री गाडीने ती वापरली तरी हिशोबात वजा होते.

एक गैरसमज काढून टाका. लाईन गेली की हे सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला उलटा शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. "सोलर आहे, लाईन गेली तरी गाडी चार्ज होईल" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. ती सोय बॅटरीच्या हायब्रिड प्रणालीत असते आणि बरीच महाग पडते.

पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला किती वाचतात?

महिन्याला १,००० किलोमीटर धरू. युनिटला ७ किलोमीटरने १४३ युनिट. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर १६०. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर, वहन आकारासह, १२ रुपये निघाला तर १,९२० रुपये. हेच अंतर लिटरला १७ देणाऱ्या पेट्रोल गाडीने, १०५ रुपये लिटरने, ६,१७५ रुपयांना पडतं.

हिशोब चुकतो तो टप्प्यात. घरचा वापर ९० युनिट असताना तुम्ही सगळ्यात स्वस्त टप्प्यात असता. गाडीचे १६० युनिट जवळजवळ सगळे पुढच्या, महाग टप्प्यात पडतात. म्हणून सरासरी दराने गुणू नका, शेवटच्या टप्प्याने गुणा. वापर ३०० च्या वर जात असेल तर आणखी चढा दर लागतो. टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) स्मार्ट मीटर बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापरावर सवलत मिळते; गाडी दिवसा घरी असणाऱ्यांनी ती घ्यावी.

सार्वजनिक फास्ट चार्जरवर कर धरून युनिटला वीस रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. सगळं चार्जिंग बाहेरच होणार असेल तर बचत निम्म्याच्या आसपास येते, आणि गाडीची जादा किंमत भरून निघायला बरीच वर्षं लागतात.

कर, विमा आणि टोलमध्ये काय सवलत आहे?

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. खासगी इलेक्ट्रिक कारच्या थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. फास्टॅगला गाडीचा नंबर नीट जोडलेला हवा. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांवर टोल भरावाच लागतो. कर्जाच्या व्याजावरची ८०-ईईबी ही आयकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. ती आजही मिळते असं कोणी सांगत असेल तर त्या भरवशावर हप्ता ठरवू नका.

पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बॅटरीचं काय होतं?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा मे महिना बॅटरीला आवडत नाही, पण ती त्यात टिकते. गाडी स्वतः बॅटरी थंड करते आणि त्यासाठी थोडी वीज खाते. एसी गाडी गार करताना सुरुवातीला जास्त, मग साधारण एक ते दीड किलोवॅट घेतो. उन्हाळ्यात रेंज दहा-पंधरा टक्क्यांनी कमी धरा.

दुपारी चारला लांबून आलात तर लगेच प्लग लावू नका, बॅटरी आधीच तापलेली असते. पहाटेचं चार्जिंग सगळ्यात चांगलं. दुपारी फास्ट चार्जर हळू चालला तर गाडी स्वतःला सांभाळते आहे, बिघाड नाही. उभी करायला निंबाची सावली पुरते. पत्र्याचं बंद शेड चारही बाजूंनी कोंडलेलं असेल तर बाहेरची सावली बरी. दोन आठवडे गावाला जाणार असाल तर बॅटरी अर्ध्यावर ठेवून जा, शंभरवर नाही.

रोज ८० टक्के की १०० टक्के, हे बॅटरीच्या जातीवर आहे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी अधूनमधून शंभरला न्यावी लागते, नाहीतर टक्केवारीचा काटा चुकायला लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रोज ऐंशीवर थांबवलेली बरी. तुमच्या गाडीत कोणती आहे ते पुस्तिकेत पाहा.

घरात कापूस साठवलेला असतो. चार्जिंग धोक्याचं आहे का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा. भावाची वाट पाहत कापूस महिनोन्महिने समोरच्या खोलीत भरलेला असतो, गोठ्याशेजारी कुटाराचा ढीग असतो. गाडी पेटणं दुर्मीळ आहे. सैल प्लगमधून ठिणगी पडणं तेवढं दुर्मीळ नाही, आणि कापसाला ठिणगी पुरते. सॉकेट कापसाच्या खोलीच्या भिंतीवर, आतून किंवा बाहेरून, बसवू नका. कापूस, कुटार, डिझेलचे कॅन आणि फवारणीची औषधं यांपासून चार्जिंगची जागा किमान चार-पाच मीटर दूर ठेवा. लाकडी फळीवर सॉकेट नको. सिमेंटची भिंत किंवा लोखंडी डबा.

पावसात आणि विजांच्या कडकडाटात चार्जिंग करावं का?

साध्या पावसात हरकत नाही, सॉकेट कोरडा हवा. केबलमधला डबा जमिनीवर, पाण्यात पडू देऊ नका, खुंटीला टांगा. वीज कडाडायला लागली की चार्जिंग बंद करून प्लग काढा. खांबावर पडलेली वीज तारेतून घरात शिरते आणि गाडीचा आतला चार्जर जाळते. सर्ज प्रोटेक्टर लावलात तर तोही चांगल्या अर्थिंगशिवाय कुचकामी.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कोणतीच गाडी घालू नका. "आयपी ६७ आहे" म्हणजे बॅटरी १ मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास टिकते, एवढाच अर्थ. वाहत्या पाण्याला गाडी ओढून न्यायला गुडघाभर खोली पुरते.

समृद्धीवर आणि चिखलदऱ्याला जाताना कसं नियोजन करायचं?

समृद्धीवर वेग हाच खर्च आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ला युनिटमागे ७ किलोमीटर देणारी गाडी १२० ला ५ च्या आसपास येते. शंभरवर धरून चालवा, पोहोचायला थोडा उशीर होईल, एक थांबा वाचेल.

चिखलदऱ्याचा घाट लोकांना घाबरवतो, पण गणित सोपं आहे. परतवाड्यापासून वर साधारण सातशे मीटर चढ. माणसांसह दीड टन गाडी तेवढी उचलायला जवळपास ३ युनिट जादा लागतात. उतरताना गाडी ब्रेकमधून त्यातले निम्मे-अधिक परत मिळवते. वर पोहोचताना टक्के भराभर उतरताना दिसतील, घाबरू नका. परतवाड्याहून साठ टक्के घेऊन निघालात तर छोटी गाडीही आरामात जाऊन येते. फक्त पूर्ण शंभर टक्के भरून वरून उतरू नका. बॅटरीत जागा नसेल तर ब्रेकची वीज परत घेता येत नाही आणि साधे ब्रेक तापतात.

फास्ट चार्जर निवडताना ॲपमध्ये "उपलब्ध" लिहिलं आहे एवढ्यावर निघू नका. तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं ते आणि लोकांचे शेरे पाहा. सीसीएस-२ (कारच्या फास्ट चार्जिंगची) गन आहे ना ते बघा. पंपावर फोन करून विचारा, "गन चालू आहे का, लाईन आहे का?" पुढचा पर्यायी चार्जर गाठता येईल एवढे टक्के शिल्लक असतानाच पहिल्यावर थांबा. गडचिरोलीच्या दक्षिण भागात, भामरागड-सिरोंचाकडे, जाऊन-येऊनचं अंतर बॅटरीत बसत नसेल तर मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीच्या प्लगची सोय आधी ठरवून मगच निघा. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीला डीसी फास्ट चार्जिंग नाही, तिच्याकडून लांबच्या प्रवासाची अपेक्षा नको.

लग्नाला पाहुण्यांच्या घरी चार्ज करता येईल का? जनरेटरवर?

पाहुण्यांच्या घरी केबल किंवा गाडीतून करंट ८-१० ॲम्पवर उतरवा. तासाला बारा-चौदा किलोमीटर मिळतात, रात्रभरात शंभर. बोर्डाला दर तासाला हात लावून पाहा. मांडवाच्या जनरेटरवर चार्जर बहुधा सुरू होत नाही, कारण त्याचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो. घरचा इन्व्हर्टर यासाठी अजिबात नाही.

गाडी एकदम मेली, दारही उघडत नाही, पण रात्री बॅटरी नव्वद टक्के होती.

आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली. दार, समोरचा स्क्रीन, कंट्रोलर सगळं तिच्यावर चालतं. ती नसेल तर मोठी बॅटरी गाडीला जोडलीच जात नाही. चावीच्या आतल्या लोखंडी चावीने दार उघडा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीने जंप द्या. तीन-चार वर्षांनी ती बदलून टाका.

दुसरं कारण उंदीर. सोयाबीन, तूर घरात आली की ते बॉनेटखाली घर करतात. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा. नारिंगी रंगाची जाड केबल कुरतडलेली दिसली तर हात लावू नका आणि गाडी सुरू करू नका. त्या केबलमध्ये बहुतेक गाड्यांत तीनशे व्होल्टच्या वर वीज असते. गावच्या मेकॅनिकनेही तिला टेप मारू नये, सर्व्हिस सेंटरलाच बोलवा.

रस्त्यात बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून आणता येते का?

लांब अंतर नाही. इलेक्ट्रिक गाडीत चाकं मोटरला कायमची जोडलेली असतात. गाडी ओढली की मोटर फिरते, वीज तयार करते, आणि बंद गाडीत ती वीज जायला जागा नसते, कंट्रोलर जळू शकतो. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड बोलवा. विमा घेतानाच रोडसाइड मदत तुमच्या तालुक्यापर्यंत किती किलोमीटर येते ते लिहून घ्या. काही पॉलिसींत जिल्ह्याच्या ठिकाणापासून ५०-१०० किलोमीटरचीच मर्यादा असते.

पांदणीत चिखलात रुतली असेल तर गोष्ट वेगळी. गाडी चालू करा, न्यूट्रलमध्ये टाका, पुस्तिकेत दाखवलेला टो-हूक समोर बसवा, आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने, चाकं कोरड्या जमिनीला लागेपर्यंतच ओढा. दोर सस्पेन्शनला किंवा खालच्या बॅटरीच्या कव्हरला बांधू नका. बाहेर निघाल्यावर वाकून बॅटरीच्या तळाचा पत्रा पाहा. दगडाने खोलवर चेपलेला असेल, तर त्या रात्री चार्जिंगला लावू नका. गाडी घरापासून आणि गोठ्यापासून दूर, मोकळ्या जागी उभी करा आणि सकाळी सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवा.